गणिताचा तास नसलेली शाळा

माझी मुलगी शाळेत होती त्या वर्षांत ती ‘व्हिक्टोरियस’ नावाची एक अमेरिकी मालिका बघायची. चहाचा कप घेऊन मीही शेजारी बसायचो. हॉलिवूडमधली एक काल्पनिक शाळा आणि तिथे गाणं, नाच, अभिनय शिकणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं. त्यांचे एक सर अनवाणी वर्गात येतात आणि नारळाला नळी लावून तो पीत पीत शिकवतात! मी एकदा विचारलं, “यांना गणिताचा तास कधी असतो गं?” ती म्हणाली, “अब्बा, ही विनोदी मालिका आहे, गणित कोण बघणार?”

निकलोडियन वाहिनीवर २०१० ते २०१३ ही मालिका चालली. तिची सुरुवात मला ओळखीची वाटली. ट्रिना नावाची मुलगी या शाळेत शिकते. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी कसल्याशा वनौषधीच्या गुळण्या करून तिची जीभ सुजते. तिच्याऐवजी धाकट्या बहिणीला, टोरीला, रंगमंचावर ढकलतात. ती गाते आणि तिला तिथल्या तिथे प्रवेश मिळतो. तिने अर्जसुद्धा केलेला नसतो.

अर्ज न करता आत आलेला असाच एक मुलगा मी कॉलेजात असताना पाहिला होता. मित्राच्या घरी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर आम्ही अ‍ॅलन पार्करचा १९८० सालचा ‘फेम’ लावला होता. न्यूयॉर्कमधली कलाशाळा, प्रवेश-चाचणीचा दिवस. एक मुलगी नाचाची चाचणी द्यायला येते आणि जोडीदार म्हणून लिरॉयला सोबत आणते. परीक्षक लिरॉयला निवडतात. ती बिचारी राहते बाहेर.

मात्र ‘फेम’मधली शाळा काल्पनिक नव्हती. हायस्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स ही न्यूयॉर्कची सरकारी, बिनफीची शाळा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँकलिन केलर या मुख्याध्यापकांनी ती काढली, आणि मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे ती एका व्यवसाय शिक्षण देणाऱ्या शाळेची शाखा म्हणून निघाली. नाच हाही पोट भरण्याचा एक धंदा आहे, तो नीट शिकवावा, आणि सोबत इंग्रजी, गणित, इतिहासही शिकवावा, असा तो सरळ हिशोब होता. या शाळेत पुढे काय चालतं यावर चित्रपट निघाला तेव्हा मात्र शिक्षण मंडळाला पटकथेतली भाषा रुचली नाही. शाळेत चित्रीकरणाची परवानगी नाकारली गेली आणि पार्करना दुसऱ्या इमारती शोधाव्या लागल्या.

लिरॉय नाचतो अप्रतिम, पण त्याला वाचता येत नाही. इंग्रजीच्या बाई, मिसेस शेरवूड, भर वर्गात त्याला वाचायला सांगतात. तो चिडतो, बाहेर जाऊन काचा फोडतो. बाई हटत नाहीत. शेवटी त्याला नृत्यसंस्थेत नोकरीची संधी येते, पण त्यासाठी आधी शाळा पास व्हायला हवं. तो बाईंना गाठायला जातो तो इस्पितळात. बाईंचा नवरा तिथे आजारी असतो. जगात आपल्याशिवाय दुसऱ्याचंही दुःख असतं, हे त्या पोराला तिथे कळतं.

हा प्रसंग मी आजवर किती वेळा मनात उलगडला असेल! आमच्या घरात दखनी बोलली जायची. चौथीत उभं राहून मराठीचा धडा वाचताना माझे ‘ळ’ आणि ‘ण’ घसरायचे, वर्ग हसायचा. बाईंनी मला खाली बसवलं असतं तर त्या दिवसापुरतं मला बरंच वाटलं असतं. त्यांनी बसवलं नाही. रोज वाचायला लावलं. काचा फोडण्याचं धाडस माझ्यात नव्हतं, एवढाच फरक.

‘फेम’वरून १९८२ पासून १९८७ पर्यंत दूरदर्शन मालिका चालली. तिच्यातही लिरॉय होता आणि अभ्यासाची कटकट होती. ‘व्हिक्टोरियस’पर्यंत येता येता ती कटकट पुसली गेली. टोरीचे वडील पोलीस अधिकारी, घर प्रशस्त. नापास होऊन ती रस्त्यावर येईल अशी भीती कोणालाच नाही. मालिका वाईट होती असं नाही. एरियाना ग्रांडेसारखी गायिका लोकांना तिथेच पहिल्यांदा दिसली. पण गंमत पाहा, कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार शालेय वयाच्या कलाकाराला शाळेच्या दिवसांत चित्रीकरणाच्या ठिकाणी रोज तीन तास अभ्यास करावा लागतो, शिक्षकासह. म्हणजे ज्या तासांना पडद्यावर जागा नव्हती, ते कॅमेऱ्यामागे भरतच असणार.

खरी शाळा १९८४ मध्ये लिंकन सेंटरजवळच्या नव्या इमारतीत गेली, दुसऱ्या एका कलाशाळेबरोबर. सेहेचाळिसाव्या रस्त्यावरची जुनी इमारत १९८८ मध्ये आगीत आतून जळाली.

चित्रपटात आणि मालिकेत, दोन्हीकडे लिरॉय झालेला जीन अँथनी रे हा हार्लेमचा पोरगा. तो खरोखरच त्या शाळेत गेला होता. वर्षभरच. मग शाळेने त्याला काढून टाकलं. ‘फेम’च्या निवडीसाठी तो आला तो दुसऱ्या शाळेला दांडी मारून. २००३ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तो गेला.