पिटापासून बाल्कनीपर्यंत

मुंबईत हलती चित्रे पहिल्यांदा दिसली ती ७ जुलै १८९६ रोजी, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. ल्युमिएर बंधूंचा माणूस मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला निघाला होता, वाटेत इथे उतरला आणि त्याने खेळ लावले. तिकीट सरसकट एक रुपया. त्या काळी रुपया देऊन सावल्या बघायला जाणारा माणूस कोणत्या वस्तीतला असेल हे वेगळे सांगायला नको. आठवडाभरात खेळ नॉव्हेल्टी या नाटकाच्या थिएटरात हलले, आणि महिना सरता सरता तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लागले. पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे बॉक्स राखले गेले. सिनेमाच्या इतिहासात वॉटसनचे नाव कायमचे कोरले गेले आहे. पण आपण ज्याला टॉकीज म्हणतो त्या वास्तूचा जन्म मी नॉव्हेल्टीत धरतो. वॉटसनमध्ये नुसते यंत्र आले. एका छपराखाली, एकाच अंधारात, चार आणेवाला आणि दोन रुपयेवाला एकच चित्र बघतो, ही गोष्ट नॉव्हेल्टीत घडली.

ही मांडणी सिनेमाची नव्हेच, ती नाटकाची. पीट, स्टॉल, ड्रेस सर्कल, बाल्कनी, बॉक्स हे सगळे पारशी आणि इंग्रजी नाटकमंडळ्यांच्या थिएटरांतून जसेच्या तसे उचललेले. व्हीटीसमोरचे कॅपिटॉल हे १८७९ चे गेइटी नाट्यगृह, १९२८ मध्ये सिनेमागृह झाले. ग्रँट रोडच्या पिलाहाऊस भागातही नाटकाची थिएटरे अशीच एकामागून एक पडद्याच्या ताब्यात गेली. मात्र या बदलात एक गंमत झाली, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. नाटकाला पुढची रांग महाग, कारण नटाचा चेहरा दिसायला हवा, गाण्यातली हरकत कानावर पडायला हवी. सिनेमाला पुढे बसले की मान आखडते आणि डोळे दिपतात. वास्तू तीच राहिली, दरपत्रक मात्र उलटे झाले. कालपर्यंत शेठजी बसत तिथे आता गिरणीतला पोरगा बसू लागला, आणि शिट्टी मारण्याचा हक्क पडद्याच्या सर्वांत जवळच्या माणसाकडे आला.

दुसरे घराणे तंबूचे. अब्दुलअली युसुफअली नावाचे गृहस्थ ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा, सुमात्रा असे तंबू घेऊन हिंडले, मग काही वर्षे हिंदुस्थानभर फिरले. १९१४ मध्ये त्यांनी अर्देशीर इराणींच्या भागीदारीत मुंबईतले अलेक्झांड्रा थिएटर घेतले आणि १९१८ मध्ये गिरगावात मॅजेस्टिक बांधले. याच मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी इराणींचा ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले, म्हणजे बोलपटाबरोबर ब्लॅकवालाही जन्मला म्हणायला हरकत नाही. तंबूचा धंदा जत्रांमध्ये त्यानंतरही कितीतरी दशके टिकला. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, बूड मातीवर आणि मागे ट्रकवर यंत्र.

पक्क्या थिएटरात आणखी एक खोली वाढली ती कायद्यामुळे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती ठिणगीने भडकते आणि पेटल्यावर पाण्याने विझत नाही. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने परवाना आणि आगीपासूनची सुरक्षितता यांची सांगड घातली. बाल्कनीच्या मागची, जाड भिंतींची, चौकोनी झरोक्यांची केबिन ही त्या भीतीची वारस. केबिनमध्ये दोन यंत्रे, आत कार्बनच्या कांड्यांचा झगझगीत प्रकाश. कांड्या जळत जातील तशी ऑपरेटरने त्यांच्यातली फट सांभाळायची. रीळ संपत आले की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका उमटतो, तो दिसताच दुसरे यंत्र सुरू करायचे. एकच प्रिंट दोन थिएटरांत चालत असेल तर इकडची रिळे संपतील तशी सायकलवरून तिकडे पोचवायची. सायकलवाला वाटेत अडकला तर अख्खे थिएटर ऑपरेटरच्या नावाने बोंब मारी, आणि ती बोंब बहुधा पुढच्या रांगांतून सुरू होई.

तिसावे दशक हे थाटाचे. रिगल १९३३ मध्ये उघडले. त्याचा वास्तुकार चार्ल्स स्टीव्हन्स, म्हणजे व्हीटी बांधणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा मुलगा. बापाने गॉथिक शिखरे उभारली, मुलाने थंड हवेचे, तळघरात मोटारी ठेवायची सोय असलेले आर्ट डेको थिएटर दिले. १९३८ मध्ये सोहराबजी भेदवारांचे इरॉस आले, आग्र्याच्या लाल दगडाचे. त्याच वर्षी हॉलिवूडच्या एमजीएमने धोबीतलावाला आपले मेट्रो काढले. या महालांत इंग्रजी चित्रपट लागत. मराठी-हिंदी बोलपट गिरगाव, लॅमिंग्टन रोड, लालबागकडे. ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये गिरगावच्या सेंट्रलमध्ये वर्षभराहून अधिक चालला, तो काही दिव्यांच्या थाटावर नव्हे.

ही दरी हबीब हुसेन यांनी बुजवली. हिंदी चित्रपटालाही महाल हवा या हट्टाने त्यांनी मरीन लाइन्सला लिबर्टी बांधले. काम स्वातंत्र्याच्या वर्षी सुरू झाले म्हणून हे नाव. १९४९ मध्ये ‘अंदाज’ने ते उघडले. आराखडा करणाऱ्या रिडली अ‍ॅबट यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. अंतर्भाग घडवला वामन नामजोशींनी. सागवानी लाकूड, आणि पडद्याच्या दोन बाजूंना गोठलेल्या कारंज्यासारखे वर चढत जाणारे प्रकाशाचे थर. पुढे जयपूरचे राजमंदिर, १९७६ मध्ये उघडलेले, तेही यांच्याच हातचे. राजमंदिर बघायला देशभरातून पर्यटक जातात, त्यांत मराठी माणसे काही कमी नसतात. ते घडवणाऱ्याचे आडनाव मात्र त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

पुण्याची कथा निराळी नाही, फक्त आकाराने लहान. मंडईजवळ १९१५ मध्ये आर्यन उभे राहिले, शहरातले पहिले कायमचे सिनेमागृह. १९८३ मध्ये ते बंद पडले. आज त्या जागी वाहनतळ आहे आणि लोक त्याला आर्यनच म्हणतात. इंदूरच्या किबे घराण्याने १९३४ मध्ये बांधलेले थिएटर ‘प्रभात’ नावाने ऐंशी वर्षे चालले आणि २०१४ च्या अखेरीस भाडेकरार संपल्यावर मूळ ‘किबे लक्ष्मी’ झाले. गिरगावचे मॅजेस्टिक सत्तरच्या दशकात पडले आणि त्या जागी शॉपिंग सेंटर आले, मॅजेस्टिक नावाचेच. नाव टिकवायला आपल्याकडे कुणाची हरकत नसते, त्याला खर्च येत नाही.

थिएटरे का पडली याचा पाढा सर्वांना पाठ आहे: दूरदर्शन, व्हिडिओ, करमणूक कर. त्यात २००१ मध्ये राज्याने मल्टिप्लेक्सना करमाफी दिली, ती एकपडद्याच्या वाट्याला आली नाही. थिएटर पाडून बांधायचे तर नव्या इमारतीत काही आसनांचे थिएटर ठेवा, अशी अटही विकास नियमावलीत होती. हेतू चांगला. पण तिने बऱ्याच मालकांना चालवताही येईना आणि पाडताही येईना असे करून ठेवले. कुलूपबंद, झाड उगवलेली थिएटरे प्रत्येक जिल्ह्याच्या गावी दिसतात, त्यांना कुणी जतन म्हणू नये.

जतन झाले तेही नीट पाहायला हवे. मेट्रोचा दर्शनी भाग आहे तसा आहे, आत २००६ पासून सहा पडदे. ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती २०१८ मध्ये जागतिक वारशात गेल्या, त्यांत इरॉस आहे. पण २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले तेव्हा बाराशेंच्या जागी तीनशेच्या आसपास खुर्च्या होत्या. रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले होते. आभा नारायण लांबा यांनी ते असे उभे केले की २०१७ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिथला सज्जा, छत, बॉक्स सगळे परत आले, फक्त रोजचा सिनेमा परतला नाही. मला यांतल्या कुणालाच दोष द्यायचा नाही. तीनशे खुर्च्यांचे का होईना, इरॉसमध्ये दिवे लागतात हे बरेच आहे. पण वारशाची यादी दगड बघते, छज्जा बघते. चार दरांची ती एक प्रचंड खोली तिच्या नजरेतून निसटते. सहा पडद्यांच्या सहा खोल्यांत माणसे आधीच निवडून बसवलेली असतात. पीट नाही, त्यामुळे पिटातून उठणारी आणि वर बाल्कनीतल्यांनाही हसायला लावणारी टवाळी नाही. मुखवटा राखला आणि दालन कापले, तर टॉकीजमधले नेमके टॉकीजपण गेले असे माझे मत आहे. त्यापेक्षा पत्रा गळणारे पण अख्खे दालन चालू ठेवणारा तालुक्याचा मालक मला मोठा जतनकार वाटतो, त्याला कुणी पुरस्कार देत नसले तरी.

मुंबई सेंट्रलचे मराठा मंदिर याच गटातले. १९५८ चे. ‘मुघल-ए-आझम’चा पहिला खेळ १९६० मध्ये इथेच झाला. २० ऑक्टोबर १९९५ ला लागलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ इथे वर्षानुवर्षे दिवसाच्या एका खेळाला चालत राहिला, टाळेबंदीत थांबला आणि २०२० च्या नोव्हेंबरात पुन्हा लागला. याला लोक शाहरुखवरचे प्रेम म्हणतात. तेही खरे. पण थिएटराच्या एका हाताला एसटीचा डेपो आहे आणि दुसऱ्या हाताला रेल्वे स्टेशन. गाडीला तीन तास आहेत, सोबत बोचके आहे, ऊन चढले आहे, आणि तिकीट इतके स्वस्त की परवडते का याचा विचारही करावा लागत नाही. अशा माणसाला शेवट आधीच ठाऊक असला तरी चालतो, मधेच गाडीची वेळ झाली तर तो उठून जाऊ शकतो.