भवभूतीच्या तळ्याचा सांडवा

वाचकहो, गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला तळ्याविषयी आम्ही काय सांगावे! श्रावणात पाऊस झोडपू लागला आणि तळे तुडुंब भरले, की जाणता शेतकरी पाळीवर जाऊन आधी एकच गोष्ट पाहतो : सांडवा मोकळा आहे ना? सांडवा बुजला, तर पाणी पाळ फोडून निघते आणि खालच्या धानाच्या बांध्या घेऊन जाते.

माणसाच्या मनालाही असाच सांडवा लागतो, हे आठव्या शतकातल्या एका नाटककाराने सांगून ठेवले आहे. त्याचे नाव भवभूती. आपले घराणे पद्मपूरचे, असे तो आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत सांगतो. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले. याविषयी विद्वानांत वाद असेल; पण आमगावच्या महाविद्यालयाला नाव भवभूतीचेच आहे.

त्याचे ‘उत्तररामचरित’ हे सात अंकी नाटक. पहिल्याच अंकात दमलेली, गरोदर सीता रामाच्या हातावर डोके ठेवून झोपली आहे. तेवढ्यात हेर येऊन लोकापवाद कानावर घालतो. आता रामाच्या मनात दोन माणसे भांडू लागतात. एक नवरा, दुसरा राजा. राजा जिंकतो. वन पाहण्याची इच्छा सीतेने स्वतःच बोलून दाखवलेली असते. तेच निमित्त होते, आणि तिला वनात धाडले जाते. तिला कोणी एका शब्दाने विचारीत नाही.

पुढे बारा वर्षे राम राज्य करतो. वरून सारे ठीक. पण आतून कसे? भवभूतीने तिथे वैद्याच्या घरचा दाखला दिला आहे : तोंड लिंपून बंद केलेल्या भांड्यात औषध शिजते, तसे. बाहेर वाफ दिसत नाही, आत मात्र रटरटत असते.

आता जरा युरोपात जाऊ. व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ साली माणसाच्या मनाचे तीन भाग कल्पिले. एक नुसता ‘हवे’ म्हणणारा, दुसरा ‘शोभत नाही’ म्हणून दटावणारा, आणि तिसरा या दोघांत मध्यस्थी करून जगाशी जुळवून घेणारा. हा मध्यस्थ घाबरला, की काही युक्त्या करतो. त्या युक्त्यांची नीट मांडणी फ्रॉइड यांची मुलगी ॲना हिने १९३६ साली केली. फ्रॉइड यांच्या पुष्कळ कल्पना आजचे मानसशास्त्र जशाच्या तशा मानीत नाही. पण मन स्वतःला कसे वाचवते, ही ओळख अजून उपयोगी पडते.

आणि ती आपल्या म्हणींतही आहेच की! द्राक्षे हाती लागली नाहीत की कोल्हा ती आंबट ठरवतो : हे समर्थन. वड्याचे तेल वांग्यावर : राग एकाचा, मार दुसऱ्याला. चोराच्या उलट्या बोंबा : आपला दोष दुसऱ्याच्या माथी. आणि दुःख दडपून ‘मला काही झालेच नाही’ म्हणणे, ही तर आपल्याकडे मर्दुमकीच समजतात.

रामाचेही तसेच झाले. पंचवटीत वनदेवता वासंती त्याला तोंडावर विचारते, असे का केलेस? राम म्हणतो, लोकांना सहन होत नव्हते म्हणून. पाहा, कारण तयार आहे! पण वासंती सोडीत नाही. शेवटी तो बांध फुटून रडतो. तेव्हा तमसा नदी म्हणते त्याचा अर्थ असा : तळे काठोकाठ भरले, की पाणी बाहेर काढून देणे हाच उपाय, शोकाने भरलेले हृदयही बोलून, रडूनच टिकते. जवळच सीता अदृश्य रूपाने उभी आहे. यज्ञात रामाने शेजारी तिचीच सोन्याची मूर्ती बसवली आहे, हे ती त्याच्या तोंडून ऐकते, आणि त्यागाच्या लाजेचे तिच्या काळजातले शल्य निघते. म्हणजे एकाच्या बोलण्याने दोघांचे ओझे उतरले.

पण एक विसरू नये. राजाने मन दडपले, त्याची किंमत मोजली सीतेने. आपल्याही घरात बापाच्या कर्जाची चिंता पोराच्या पाठीवर उमटते, ती अशीच.

गुरुजनहो, वर्गात एखादे पोर विनाकारण मारामारी करते, तेव्हा छडी उचलण्याआधी विचारून पाहा : याचे तेल कुठल्या वड्याचे? शेतकरी बंधूंनो, धान बुडाल्यावर गप्प झालेला शेजारी दिसला, तर त्याची वासंती व्हा. विचारा, आणि ऐका. बोलूनही भार उतरत नसेल, तर डॉक्टरकडे जाण्यात लाज नाही. १४४१६ या सरकारी क्रमांकावरही फुकट बोलता येते.

तळ्याची पाळ आपण दरसाल पाहतो. यंदा घरातल्या माणसांचा सांडवाही मोकळा आहे ना, तेवढे पाहू या.