थंडीने थांबवलेली साथ : फिलाडेल्फिया, १७९३

#थ्रेड

१/७
ऑगस्ट १७९३. फिलाडेल्फिया ही तेव्हा अमेरिकेची राजधानी. वस्ती सुमारे ५० हजार. डेलावेअर नदीच्या धक्क्यालगत माणसे तापाने फणफणू लागली. डोळे पिवळे, काळ्या उलट्या आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. हा पीतज्वर होता.

२/७
उष्ण कटिबंधातील हा रोग इतक्या उत्तरेस आला कसा? सँ-दोमिंग, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांचा उठाव पेटला होता. तेथील निर्वासितांची जहाजे त्या उन्हाळ्यात या बंदरात आली. बहुधा त्यांच्यासोबतच विषाणू आला आणि जहाजांवरील पाण्याच्या पिंपांत वाढलेले एडिस इजिप्ती डासही. हा डास मूळचा आफ्रिकेतला. अमेरिका खंडात तो गुलामांच्या व्यापारातूनच पोहोचला होता.

३/७
डासावर मात्र कोणाचाही संशय गेला नाही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे डॉ. बेंजामिन रश यांनी धक्क्यावर सडणाऱ्या कॉफीच्या दुर्गंधीला दोष दिला. त्यांचे उपचार दोन : जबर जुलाब आणि रक्त काढणे.

४/७
सुमारे २० हजार लोकांनी शहर सोडले. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनही माउंट व्हर्ननला गेले. मागे उरले ते प्रामुख्याने गरीब. कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही, अशी रश यांची समजूत होती. त्यांच्या आवाहनावरून ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांच्या फ्री आफ्रिकन सोसायटीने शुश्रूषेचे आणि दफनाचे काम अंगावर घेतले. समजूत खोटी ठरली. कृष्णवर्णीयही शेकडोंनी मेले.

५/७
या सेवेचे फळ काय? प्रकाशक मॅथ्यू केरी यांनी काही कृष्णवर्णीय परिचारकांवर लुबाडणुकीचा आरोप केला. १७९४ मध्ये जोन्स आणि ॲलन यांनी पुस्तिका छापून, जमाखर्च मांडून त्याला उत्तर दिले.

६/७
कडाक्याची थंडी पडली, डास मेले आणि नोव्हेंबरात साथ ओसरली. तोवर सुमारे ५ हजार माणसे, म्हणजे दहांतील एक, दगावली होती. डासाचे नाव १८८१ मध्ये हवानाच्या कार्लोस फिनले यांनी घेतले. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या आयोगाने ते सिद्ध केले.

७/७
थंडी ही समशीतोष्ण प्रदेशांची तटबंदी होती. जुन्या टायरांच्या व्यापारातून जगभर पसरलेल्या आशियाई टायगर डासाने तिला खिंडार पाडले, कारण त्याची अंडी हिवाळाही काढतात. २००७ मध्ये केरळहून आलेल्या एका प्रवाशामार्फत चिकुनगुन्या इटलीतील कास्तिल्योने दी चेर्व्हिया या गावी पोहोचला. परिसरात २०० हून अधिक लोक आजारी पडले. डास आणि विषाणू यांना माणसानेच वाट दिली, १७९३ मध्येही आणि २००७ मध्येही. फरक एवढाच की, आता हिवाळ्यावर विसंबून चालत नाही.