बाल-लसीकरण : औषध दुकाने व नियमित तपासणी (नाशिक जिल्हा)

औषध दुकानात मुलांना लस टोचण्याची प्रथा जिल्ह्यात नाही. 'मेडिकल'मध्ये लस केवळ विकली जाते, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. तिच्या किरकोळ विक्रीला औषधे नियम, १९४५ नुसार नमुना २१ चा परवाना लागतो. साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये करायची असते. काही पालक मेडिकलमधून लस घेऊन दवाखान्यात नेतात. शीतसाखळी तुटण्याचा धोका याच टप्प्यात अधिक. पेंटाव्हॅलंट व हिपॅटायटिस-बी या लसी गोठल्या तर निकामी होतात, म्हणून कुपी थेट बर्फाला टेकू देऊ नये.

लसीकरण सत्र : खेड्यात अंगणवाडी वा उपकेंद्र, नाशिक शहरात बिटको, डॉ. झाकीर हुसेन आदी महापालिका रुग्णालये. आशाताई निरोप देते, अंगणवाडीताई वजन घेते, सिस्टर टोचते. त्यानंतर बाळाला अर्धा तास थांबवून ठेवतात आणि आईला चार गोष्टी सांगतात : आज कोणता डोस दिला, कोणता त्रास होऊ शकतो व झाल्यास काय करावे, पुढचा डोस केव्हा, कार्ड जपून ठेवावे. माता-बाल संरक्षण कार्डावर लसींच्या रकान्यांबरोबर वाढीचा आलेखही असतो. वजनाची रेषा आडवी झालेली सिस्टरच्या ध्यानात येते ती या भेटीत, आणि प्रस्तुत विषयात सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

लसीच्या तारखांमुळे तपासणी आपोआप घडते ती जन्म, ६, १०, १४ आठवडे, ९ महिने आणि १६ ते २४ महिने या टप्प्यांवर. नंतरची लस थेट पाचव्या वर्षी. मधली उणीव जीवनसत्त्व-अ चे सहामाही डोस आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३) पथके भरून काढतात. ही पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. केवळ खासगी दवाखान्यात जाणारी मुले या काळात बहुधा आजारी पडली तरच डॉक्टरांपुढे येतात.

पल्स पोलिओ (१९९५ पासून) : तपासणीविना लस दिली गेल्याचे येथील सर्वांत मोठे उदाहरण. बूथवर डोस पाजायचे, बोटाला शाई लावायची. वजन नाही, कार्ड नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, त्यात या मोहिमेचा वाटा निर्विवाद आहे. मात्र बूथवरचा डोस नियमित लसीकरणाची जागा घेत नाही, हे पालकांना वेगळे सांगावे लागे.

स्थलांतर : सुरगाणा, पेठ भागातील कुटुंबे द्राक्षांच्या कामासाठी दिंडोरी, निफाडकडे उतरतात. कार्ड सोबत असेल तर मुक्कामाच्या गावीही पुढचा डोस मिळतो.

मालेगाव : २०२२ च्या अखेरीस गोवराचा उद्रेक, कारणांविषयी मतभेद.

परदेश : अमेरिकेत ऑगस्ट २०२० मध्ये ३ ते १८ वर्षांच्या मुलांना लस देण्याची मुभा औषधविक्रेत्यांना मिळाली. मुलाची नियमित तपासणी करून घ्यावी असे पालकांना सांगण्याची अट त्यासोबत होती. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने या निर्णयाला विरोध केला.