मी, तुम्ही आणि तो : ओतूर-नारायणगावच्या परिसरातील व्यसनमुक्तीची कविता

व्यसनमुक्तीची कविता म्हटली की आपल्यापुढे उभी राहतात ती उपदेशपर पद्ये. प्रस्तुत लेखातील प्रश्न थोडा वेगळा आहे. जो माणूस व्यसनातून बाहेर येऊ पाहतो, त्याला स्वतःविषयी बोलायला मराठी कवितेने कोणती भाषा दिली? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास जुन्नर तालुका सोयीचा आहे. अभंग, सत्यशोधकी जलसा आणि तमाशा ह्या तिन्ही परंपरांची महत्त्वाची स्थळे तिथे एकमेकांपासून फार दूर नाहीत.

ओतूरला मांडवी नदीच्या काठी, कपर्दिकेश्वराजवळ चैतन्यस्वामींची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात उपदेश करणारे बाबाजी चैतन्य ते हेच, अशी परंपरा आहे. पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानात आलेली तंबाखू तुकोबांच्या काळापर्यंत खेड्यापाड्यांत पोहोचली होती. गाथेच्या छापील आवृत्त्यांत तंबाखूच्या धुराचा धिक्कार करणारा एक अभंग आढळतो. व्यसनविरोधी कवितेचा दाखला म्हणून नेहमी तोच पुढे केला जातो. परंतु त्या अभंगात ओढणारा कोणी दुसरा आहे आणि कवी त्याला बाहेरून पाहतो आहे.

दोन शतकांनंतर ह्याच ओतुरात सत्यशोधक समाजाने मूळ धरले. १८७३ साली पुण्यात स्थापन झालेल्या ह्या समाजाच्या विचाराने बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीवाचून विवाह लावला आणि ते प्रकरण न्यायालयात गेले. सत्यशोधकी जलशाच्या आरंभाशीही ओतूरच्याच भीमराव महामुनींचे नाव जोडले जाते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर दारू हे सरकारी महसुलाचे साधन म्हणून अधिकच पक्के झाले. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी १८८० साली दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले. एका अखंडात ते सांगतात की थोडे दिवस तरी दारू वर्ज्य करा आणि तो पैसा ग्रंथांकडे वळवा. दारूचा हिशेब पाप-पुण्यात न मांडता पैसा आणि ज्ञान ह्यांत मांडणे, हे ह्या कवितेचे मोठे वेगळेपण आहे. अखंडाने घाट अभंगाचा घेतला. मात्र त्याचे बोलणे ‘तुम्ही’शी आहे.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) ह्यांच्या नावाने गाव महाराष्ट्रभर ओळखले गेले. जत्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या तिथे उभ्या राहतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. वगातला दारुडा हा बहुधा हसण्याचा विषय असतो. प्रेक्षक ज्याच्यावर हसतो तो नेहमी ‘तो’ असतो, जरी हसणाऱ्यांपैकी काहीजण स्वतः पिऊन आलेले असले तरी.

उपदेश, प्रबोधन आणि विनोद असे तीन मार्ग झाले. पण ‘मी प्यालो, मी बुडालो’ असे म्हणणारा आवाज ह्या तिघांतही नाही. मग तो कुठे आहे?

ह्याचे उत्तर जुन्नर-आंबेगावच्या बोलण्यातच सापडते. ‘त्यानं माळ घातली’ एवढे म्हटले की दारू सुटली, हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. माळेबरोबर काकडा, हरिपाठ, सप्ताह आणि वारी येते. ज्या संध्याकाळी पूर्वी पावले गुत्त्याकडे वळत, त्या वेळेला टाळकऱ्यांची सोबत मिळते. ह्या सर्वांहून मोलाचे म्हणजे तुकोबांचे आत्मनिवेदनाचे अभंग मिळतात. त्यांत दारू नाही, तंबाखू नाही. स्वतःचे दोष, मनाचे पुन्हा पुन्हा घसरणे आणि आपल्याच्याने काही होत नाही ही कबुली मात्र आहे. चारचौघांत उभे राहून ‘मी पतित’ असे म्हणता येते आणि कोणी हसत नाही, कारण तो चरण सगळेच म्हणत असतात. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेतही पहिले पाऊल असतुल्य कबुलीचेच असते.

माळेने सर्वांचीच दारू सुटते, असा भाबडा दावा इथे नाही. खुंटीला टांगलेल्या माळाही गावाने पाहिल्या आहेत. १९८६ साली पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट ह्यांनी मुक्तांगण सुरू केले, तेव्हा व्यसन हा आजार आहे ही समज मराठी समाजात रुजू लागली. ती समज कवितेने आणलेली नव्हे. परंतु आजारी माणसाला बोलण्यासाठी ‘मी’ लागतो, आणि तो अभंगाने फार पूर्वीच घडवून ठेवला होता.

म्हणून वर्गात हा विषय शिकवताना धुराचा धिक्कार करणाऱ्या अभंगाशी थांबू नये. ज्या अभंगांत व्यसनाचे नावही नाही, तेच बरे होणाऱ्याच्या ओठी का येतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. व्यसनी माणसाविषयीची कविता आणि व्यसनी माणसाच्या कामी आलेली कविता ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या वाङ्मयेतिहासाने पहिलीची नोंद ठेवली. दुसरीची अजून व्हायची आहे.