पेंडीच्या मागावर

तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे चाकणचे. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. घरचा धंदा तेलाच्या घाण्याचा. त्या काळच्या गावघाण्यात जवळच्या शिवारातली करडई, तीळ, कारळा, जवस पडे. तेल चुलीला आणि दिव्याला जाई, पेंड गुरांपुढे आणि शेणखत होऊन पुन्हा त्याच शिवारात. तेलगाळपाची गोष्ट आपण नेहमी तेलाच्या बाजूने सांगतो. पेंडीच्या मागावर गेले, तर आजचा पेच अधिक नीट उलगडतो.

रेल्वे आणि मुंबई बंदर आले, तशी बी पंचक्रोशी सोडून निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातले तीळ, जवस आणि पुढे भुईमूग मार्सेयच्या आणि इंग्लंडच्या गिरण्यांत गाळले जाऊ लागले. १८९० पासून पुण्यात भरणाऱ्या औद्योगिक परिषदेत न्यायमूर्ती रानडे हेच मांडत होते: कच्चा माल बाहेर जातो, पक्का माल आत येतो, आणि मधला उद्योग दुसऱ्यांचा होतो. त्याच सुमारास ब्रिटिश शेतीरसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनी भारतीय शेतीवरच्या अहवालात बजावले की बियांबरोबर पेंडही देशाबाहेर जाते, म्हणजे जमिनीचे खतच जाते. १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ उभा राहिला. तिथे झवेरभाई पटेल यांनी घाणा सुधारला. बी गावातच गाळली जावी आणि पेंड गावातच राहावी, असाच त्या खटपटीचा रोख होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटले. बी बाहेर पाठवणारा देश तेल मागवू लागला. १९८६ च्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानाने उत्पादन वाढले आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी आयात नगण्य झाली. १९९४ मध्ये पामतेलाला दार उघडले, पुढची काही वर्षे शुल्क उतरत गेले. आज देशाच्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते: इंडोनेशिया-मलेशियाचे पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचे सोया, रशिया-युक्रेनचे सूर्यफूल.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. चीन परदेशी सोयाबीन बंदरावर उतरवतो आणि स्वतःच्या गिरण्यांत गाळतो. आपल्याकडे बी फारशी येत नाही, तेलच येते. ते बंदराजवळच्या रिफायनऱ्यांत शुद्ध होते. लातूर-अकोल्याच्या बी गाळणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटना त्याचा काही उपयोग नाही. आयातीचे तेल स्वस्त झाले की त्यांच्या तेलाचा भाव मात्र पडतो.

या प्लांटचा मुख्य माल सोयाबीन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस’ नावाने त्याची कितीतरी वाणे दिली आणि महाराष्ट्राचे सोयाबीन लाखो हेक्टरांवर पसरले. पण शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघते सुमारे अठरा किलो, पेंड ऐंशीच्या आसपास. म्हणजे हे पीक तेलाच्या नावाखाली वाढलेले पेंडीचेच पीक आहे. ती पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि कुक्कुटपालनाचे देशातले एक मोठे केंद्र पुणेच आहे. एकाच मालाच्या दोन टोकांना उभे असलेले शेतकरी आणि पोल्ट्रीवाले इथून समोरासमोर येतात.

२०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेले. पोल्ट्रीची कोंडी झाली आणि ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जनुकबदल केलेल्या (जीएम) सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. नवा माल यायच्या तोंडावरच भाव घसरले. सप्टेंबर २०२४ मध्ये शेतकऱ्यासाठी कच्च्या खाद्यतेलावरचे प्रभावी शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले. तरीही त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. कारण पेंडीचा भाव पडलेला होता: जगात सोयाबीन मुबलक होते आणि इथेनॉल कारखान्यांतून निघणारा धान्याचा चोथा खाद्यात तिची जागा घेत होता. तेलावरच्या शुल्काने बियांच्या वजनाचा एक पंचमांशच सावरतो, उरलेले चार पंचमांश उघड्यावर राहतात.

म्हणून स्थानिक आणि आयात यांचा तोल तेलाच्या पिंपात साधणार नाही. पेंडीच्या आयातीचा निर्णय पेरणीआधी, मे महिन्यात जाहीर व्हावा, म्हणजे शेतकरी त्याच्या हिशेबाने पीक निवडेल आणि पोल्ट्रीवाला आपली खरेदी आखेल. दुसरे म्हणजे प्लांटना वर्षभर बी हवी. सोयाबीनची आवक हिवाळ्यानंतर ओसरते, नेमकी तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये करडई निघते. तिच्यात सुमारे तीस टक्के तेल आणि कोरडवाहू काळ्या रानात तग धरण्याची ताकद. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याची वाणेही दिली आहेत, तरी तिचे क्षेत्र आटत गेले. पुण्यात आज लाकडी घाण्याचे करडई तेल चढ्या भावाने लोक घेतात. गिऱ्हाईक आहे, वाण आहे, जमीन आहे. खरेदीची हमी मिळाली, तर करडई गाळपाचा रिकामा हंगाम भरून काढेल आणि तिची पेंड मराठवाड्याच्या गोठ्यांना पुरेल. व्होल्करने दाखवलेली गळती थांबवायला सुरुवात इथूनच करता येईल.