वाट असेल तिथवर : चिलखती मोटारीची कुळकथा

ऑगस्ट १९१४ संपता संपता ब्रिटिश नौदलाचं एक विमानपथक बेल्जियमच्या किनाऱ्यावर उतरलं आणि तिथून फ्रान्समधल्या डंकर्कला गेलं. त्याचा प्रमुख होता कमांडर चार्ल्स सॅम्सन. विमानं मोजकी, त्यांचा पल्ला तोकडा. एखादं विमान वाटेत उतरलंच, तर शत्रूचे घोडेस्वार फिरत असलेल्या मुलखातून वैमानिकाला परत आणायचं कसं? सॅम्सनने पथकाच्या मोटारी बाहेर काढल्या. एकीवर मॅक्झिम मशीनगन चढवली आणि ४ सप्टेंबरला कॅसेल गावाजवळ एका जर्मन मोटारीशी चकमकही उडाली. त्याच्या गाडीला तोवर चिलखत असं काही नव्हतंच.

मग डंकर्कच्या जहाजबांधणी कारखान्यात काम सुरू झालं. सॅम्सनचा भाऊ फेलिक्स याने आराखडा काढला आणि बॉयलरसाठी वापरतात तो पोलादी पत्रा मर्सिडीज व रोल्स-रॉइस गाड्यांवर बसवला गेला. जवळून झाडलेली रायफलची गोळी तो पत्रा भेदून जाई. वर छत नसल्याने माडीवर दबा धरून बसलेल्या नेमबाजाला आतली माणसं आयती सापडत.

कल्पना तशी जुनी होती. फ्रेडरिक सिम्स या इंग्रज उद्योजकाने दोन मॅक्झिम आणि एक पॉम-पॉम तोफ असलेली युद्धमोटार १९०२मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. लष्कराने ती घेतली नाही. ऑस्ट्रियात पॉल डायम्लरने चारही चाकांना गती देणारी, फिरत्या बुरुजाची गाडी तयार केली. १९०६च्या युद्धसरावात तिच्या आवाजाने घोडे बुजले, आणि सम्राटाच्या सैन्यानेही तिच्याकडे पाठ फिरवली. घोडदळाच्या डोळ्यांनी मोटार जोखणाऱ्यांना तिचं मोल कळणं अवघडच होतं. वैमानिकांना मात्र तिची नड होती, म्हणून ती त्यांच्या हातून घडली.

डंकर्कच्या अनुभवावरून लंडनमध्ये नौदलाने नवा नमुना आखला आणि डिसेंबर १९१४मध्ये पहिल्या गाड्या तयार झाल्या. खाली रोल्स-रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’ची चासी, सात लिटरहून मोठं सहा सिलिंडरचं इंजिन, मागे जोडचाकं. वर बंदिस्त गोल बुरूज आणि त्यात व्हिकर्स मशीनगन. वजन चार टनांच्या आसपास, तरी वेग ताशी सत्तर किलोमीटर. गोळीबार सुरू झाला की रेडिएटरसमोरची पोलादी दारं मिटून घ्यायची. पण इंजिन तापू लागलं की ती उघडणं भागच पडे. या घराण्यातली एक गाडी अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) रणगाडा संग्रहालयात आहे. ती पाहताना बुरुजाआधी तिच्या चाकांकडे पाहावं, कारण तिचं सगळं नशीब त्या चाकांखालच्या जमिनीवर ठरलं.

गाड्या आल्या तेव्हा फ्रान्समध्ये समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत खंदक खणून झाले होते. चिखल, खड्डे, काटेरी तारा. मोटारीला वाट कुठे? फेब्रुवारी १९१५मध्ये नौदलमंत्री चर्चिल यांनी नौदल खात्यात ‘भूजहाज समिती’ नेमली आणि खंदक ओलांडणाऱ्या रणगाड्याचा शोध तिथून सुरू झाला. त्याच वर्षी नौदलाने आपल्या बहुतेक चिलखती गाड्या सैन्याच्या हवाली केल्या.

इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात या गाड्यांना मोकळं रान मिळालं. नोव्हेंबर १९१५मध्ये जर्मन पाणबुडीने ‘तारा’ हे ब्रिटिश जहाज बुडवलं होतं. त्यावरचे खलाशी ब्रिटिशांशी लढणाऱ्या सनुसी पंथीयांच्या कैदेत, बीर हकीमच्या विहिरीजवळ उपासमारीत दिवस काढत होते. गोगलगायी खाऊन जगत होते. १७ मार्च १९१६ रोजी ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरने चिलखती गाड्या आणि रुग्णवाहिका घेऊन शंभराहून अधिक मैलांची वाट तोडली आणि सुमारे ९० कैदी सोडवून आणले. चिलखती मोटारीच्या पूर्वेतिहासातली ही सर्वांत उजळ कामगिरी म्हणावी लागेल.

हिंदुस्थानात ही मोटार वेगळ्या कामाला जुंपली गेली : वायव्य सरहद्दीवरची गस्त आणि शहरांमधला ‘बंदोबस्त’. १३ एप्रिल १९१९ला अमृतसरमध्ये जनरल डायर जालियनवाला बागेकडे निघाला, तेव्हा मशीनगन असलेल्या दोन चिलखती गाड्या त्याच्यासोबत होत्या. बागेत जाणारी बोळ अरुंद, म्हणून गाड्या बाहेर राहिल्या. आत ५० रायफलधाऱ्यांनी १,६५० गोळ्या झाडल्या.

पुढे या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या हंटर समितीसमोर डायरची साक्ष झाली. समितीचे सदस्य आणि मुंबईचे नामांकित वकील सर चिमणलाल सेटलवाड यांनी नेमका हाच मुद्दा धरला : गाड्या आत जाण्याइतकी वाट रुंद असती, तर त्यांतल्या मशीनगन चालवल्या असत्या का? बहुधा हो, असं डायरने उत्तर दिलं.